खालचा डावा कोपरा

टीव्ही बिघडला आणि आमच्या घरात दोन पक्ष पडले. माझ्या नवऱ्याचं म्हणणं, दुरुस्त करून घेऊ. मुलीचं म्हणणं, नवीन आणू. घरात तसे आम्ही दोघंच. काचीगुड्याला, स्टेशनच्या मागच्या बाजूला, दुसऱ्या मजल्यावर. नवरा सरकारी नोकरीतून निवृत्त झालेला, मी शाळेतून. मुलगी कुकटपल्लीला राहते, तिथेच एका कंपनीत आहे. पण रोज संध्याकाळी ती फोनवरून घरात असतेच, त्यामुळे तिचं मत धरावं लागतं.

बिघाड खरा होता, हे आधीच सांगते. कारण पुढे मला ते पुन्हापुन्हा सांगावं लागलं, दुसऱ्यांना आणि स्वतःलाही. आधी काही दिवस चित्र लुकलुकायचं. मग एका संध्याकाळी पडद्याचा खालचा भाग काळवंडला. बातम्या देणाऱ्या बाईचा चेहरा उजेडात आणि गळ्याखाली सगळा अंधार. खालून सरकणारी अक्षरांची पट्टी दिसेनाशी झाली. आवाज मात्र खणखणीत.

"बाबा, आता कोणी टीव्ही रिपेअर नाही करत," मुलगी फोनवर म्हणाली. "जस्ट नवीन घ्या ना. मी ऑनलाइन ऑर्डर करते, उद्या घरी येईल."

"चालणारी वस्तू टाकून द्यायची नसते."

"अहो, ती चालत नाहीये!"

"म्हणून तर दुरुस्त करायची."

आमच्याकडे हा वाद नवा नव्हता. मिक्सर, इस्त्री, छत्री, चपला, माझ्या नवऱ्याने कधी काही सहजासहजी टाकू दिलं नाही. बरकतपुऱ्याकडे त्याचा एक ओळखीचा मेकॅनिक होता, त्याला त्याने बोलावलं. तो आला, टीव्ही उतरवून दिवाणावर पालथा घातला, मागचं झाकण काढलं आणि म्हणाला, "अम्मा, पॅनल अच्छा है. खाली पीछे की लाइट की पट्टी गई सो है. नवी डाल देता मैं."

"नवा टीव्ही लेना क्या फिर?" मी विचारलं.

"नक्को अम्मा. कैकू नवा? चलता ये."

दुसऱ्या दिवशी पट्ट्या बदलून झाल्या. टीव्ही पुन्हा भिंतीवर चढला. चित्र इतकं लख्ख आलं की माझा नवरा खुर्चीत मागे रेलून बसला आणि त्याने मुलीला फोन लावला. तो फोनवर बोलत असताना मी पडद्याकडे बघत होते. डावीकडे, अगदी कडेला, काहीतरी चमकलं. विजेचा बारीक लोळ दिसावा तसं. मी तिकडे नजर वळवली तर काही नव्हतं.

"अजून लुकलुकतोय हो हा," मी म्हणाले.

"कुठे?" तो फोन कानापासून दूर करून म्हणाला. "स्वच्छ तर दिसतंय."

लुकलुकणं एका दिवसात कसं जाईल, असं मला वाटलं. बरेच दिवस तो टीव्ही लुकलुकत होता. माझ्या डोळ्यांना त्याची सवय झाली असेल.

इथे माझ्या डोळ्यांबद्दल सांगायला हवं. मला एकच डोळा आहे म्हटलं तरी चालेल. लहानपणी भावाच्या विटीने डावा डोळा गेला. पूर्ण गेला नाही. त्याने उजेड कळतो, कुणी समोरून गेलं तर कळतं, पण सगळं दुधातून पाहिल्यासारखं. जे काही वाचलं, शिकवलं, शिवलं, निवडलं ते उजव्या डोळ्याने. त्यालाही जाड भिंगाचा चष्मा. माझी आई मी कुठे पळत निघाले की मागून ओरडायची, "अगं, सांभाळ, एकावरच आहेस तू!" शेजारपाजारच्यांना वाटायचं मी एका पायावर उड्या मारतेय. ते वाक्य ऐकतच मी मोठी झाले. त्याची मला इतकी सवय झाली होती की त्यातला अर्थ मी ऐकेनाशी झाले होते. तरुणपणी ही भीती वाटायची. कधी डोळ्यात कचरा गेला तरी छातीत धडधड व्हायची. पण मग लग्न, नोकरी, मूल, आणि ती भीती कुठेतरी मागे पडली. आता वाटतं, मागे पडली म्हणजे गेली नव्हती, वाट बघत होती.

त्या चमकण्यानंतर काळे ठिपके आले. चिलटांसारखे. मी हाताने हाकलले तर नवऱ्याने विचारलं, "काय करतेस?" मी म्हणाले, "डास झालेत फार." उन्हाळ्याच्या शेवटी काचीगुड्याला डास असतातच, त्यामुळे त्याने पंखा वाढवला.

आणि एका संध्याकाळी टीव्हीचा खालचा डावा कोपरा पुन्हा काळा झाला.

या वेळी अंधार वेगळा होता. आधीचा सरळ रेषेत होता, पडदा आडवा कापल्यासारखा. हा गोलसर होता, कडेला जरा हलायचा, पाण्याखाली काळं कापड असावं तसा. पण मी वेगळेपणाकडे लक्ष दिलं नाही. मला फक्त इतकंच दिसलं की टीव्ही पुन्हा बिघडलाय. आणि खरं सांगायचं तर मला राग आला. मेकॅनिकचा, नवऱ्याचा.

"बोलवा त्याला," मी म्हणाले. "काय काम केलंय हे? खालचा डावा कोपरा बघा."

नवऱ्याने चष्मा पुसला, उठून टीव्हीजवळ गेला, कोपऱ्यावर बोट ठेवलं. "इथे?"

"हो, तिथेच."

तो थोडा वेळ तिथे उभा राहिला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "बोलावतो उद्या."

मेकॅनिक आला. त्याने टीव्ही लावला, पूर्ण पांढरं चित्र आणलं, मागे सरकून पाहिलं, बाजूने पाहिलं. "अम्मा, मेरेको तो पूरा साफ दिखरा," तो म्हणाला, आणि मग माझ्या नवऱ्याकडे पाहून म्हणाला, "साब, तुम बोलो."

माझ्या नवऱ्याने टीव्हीवरची नजर काढून माझ्याकडे पाहिलं. पांढरा पडदा समोर होता आणि त्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात मला काळोख दिसत होता. तीन माणसं एका वस्तूकडे बघत होती आणि त्यातल्या दोघांना ती धड दिसत होती. मी जरा जोरातच म्हणाले, "दिवसा नाही कळायचं. रात्री बघा, मग कळेल."

"हौ अम्मा," तो बिचारा म्हणाला आणि पिशवी उचलून गेला.

तो गेल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. मला काय करायचं ते ठाऊक होतं. उजवा डोळा झाकायचा, मग डावा झाकायचा, आणि भिंतीकडे बघायचं. शाळेतल्या मुलांची नजर तपासायला डॉक्टर यायचे, तेव्हा मीच मुलांना रांगेत उभं करून "एक डोळा झाक, एक डोळा झाक" म्हणत असे. त्याला क्षणभरही लागत नाही. पण माझा हात वर जाईना. मी ओट्याला धरून उभी होते आणि मनातल्या मनात म्हणत होते, टीव्ही जुना झालाय, पट्ट्या बदलून काय होणार, नवीनच घ्यायला हवा होता. मुलगी म्हणत होती तेच बरोबर.

त्या दिवसापासून आमच्या घरात पक्ष बदलले. मीच नवीन टीव्हीच्या मागे लागले. जेवताना, चहा घेताना, भाजी निवडताना, माझं एकच सुरू. नवऱ्याला नवल वाटलं. मी कधी कुठल्या वस्तूसाठी हट्ट धरला नव्हता. तो म्हणायचा, "अगं पण चांगला चाललाय." आणि तो असं म्हणाला की मला इतकी भीती वाटायची की मी त्याच्यावर ओरडायचे. टीव्ही चांगला चाललाय याचा दुसरा अर्थ काय, तो मला ऐकायचा नव्हता.

बाकीच्या गोष्टी होतच होत्या. अंबाडीची भाजी वाढताना डाव पातेल्याच्या कडेला आपटला आणि भाजी ओट्यावर सांडली. जिन्याची शेवटची पायरी चुकली. पेपर वाचताना ओळ संपून पुढची सापडेना; डावीकडे ओळ सुरू कुठे होते तेच कळेना. प्रत्येक वेळी मी काहीतरी कारण काढलं. ओट्यावर उजेड कमी आहे, पायरी झिजलीये, पेपरवाल्यांनी अक्षर बारीक केलंय. सकाळपेक्षा संध्याकाळी काळोख थोडा वर चढलेला असायचा. चढतोय, हे मला कळत होतं. रोज एखाद्या विहिरीत पाणी वाढत जावं आणि आपण काठावर बसून दुसरंच काहीतरी बोलत राहावं, तसं चाललं होतं.

एका संध्याकाळी दिवेलागणीला आम्ही दोघं टीव्हीसमोर बसलो होतो. दिवा अजून लावला नव्हता. मी एकदम विचारलं, "अहो, खरं सांगा. तुम्हालाही दिसतंय ना? तो कोपरा?"

तो माझ्याकडे वळून म्हणाला, "हो. दिसतंय थोडं अंधुक."

"काळं?"

"हो, काळपट."

मला एकदम सुटल्यासारखं वाटलं. मी म्हणाले, "मग उद्याच जाऊ या. नारायणगुड्याच्या दुकानात. मुलीलाही बोलावते." त्याने मान हलवली. त्या रात्री मला झोप लागली.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. मुलगी गाडी घेऊन आली. बाबा शेवटी तयार झाले म्हणून खुशीत होती. नारायणगुड्याच्या मोठ्या दुकानात वरच्या मजल्यावर सगळे टीव्हीच. एक पूर्ण भिंत टीव्हींची. खालपासून वरपर्यंत, लहान, मोठे, काही तर आमच्या दिवाणाएवढे. सगळ्यांवर एकच चित्र चाललं होतं. कुठल्यातरी जंगलातले लाल पोपट उडत होते. विकणारा तरुण पुढे आला, "चूडंडी मॅडम, पिक्चर चूडंडी, कलर चूडंडी," असं बघा-बघा म्हणत त्याने मला भिंतीसमोर मधोमध उभं केलं.

मी पाहिलं.

मधल्या मोठ्या टीव्हीचा खालचा डावा कोपरा काळा होता. मी वरच्या टीव्हीकडे पाहिलं. त्याचाही काळा. उजवीकडच्याकडे पाहिलं, त्याचाही. मी नजर नेईन तिथे तो काळोख माझ्याबरोबर येत होता. पोपट वरून खाली झेपावायचे आणि त्यात शिरून नाहीसे व्हायचे. एकामागून एक, सगळ्या पडद्यांवर. पाय जमिनीवर आहेत की नाहीत ते कळेना. मी हात लांब करून काहीतरी धरायला गेले आणि मुलीचा खांदा हाताला लागला.

"आई, काय झालं?"

"हे सगळेच बिघडलेत," मी म्हणाले.

ती हसली. "सगळे कसे बिघडतील?" मग तिने माझा चेहरा पाहिला आणि तिचं हसू तिथल्या तिथे थांबलं. "आई? काय दिसतंय तुला?"

आता माझा हात वर गेला. मी डावा डोळा झाकला. पोपट स्वच्छ, लालभडक, आणि खाली डावीकडून वर आलेला काळा पडदा, त्याची कड स्पष्ट, जवळजवळ मधोमध येऊन ठेपलेली. मग उजवा झाकला. दुधातले पोपट, पण सगळे. कोपऱ्यातलेही.

"माझा डोळा," मी म्हणाले. "चांगला डोळा."

तो विकणारा मुलगा काहीतरी विचारत होता. मुलीने त्याला हातानेच थांबवलं. माझा नवरा मागे उभा होता. त्याने एकच वाक्य उच्चारलं, "चल, आत्ताच जाऊ." आवाज त्याचा वाटत नव्हता.

गाडी मुलगी चालवत होती आणि सिग्नलला थांबली की आरशात माझ्याकडे बघत होती. मी डोळे मिटून घेतले होते. मला वाटत होतं, मिटून ठेवले तर आहे तेवढं तरी शिल्लक राहील. हलवलं तर सांडेल.

डोळ्यांच्या दवाखान्यात बाहुली मोठी करायचे थेंब घातले आणि एका लांब बाकावर बसवलं. शेजारची तेलुगू बाई माझ्याशी बोलायला बघत होती; मी तिला उत्तर देऊ शकले नाही, आणि मला तेलुगू येत नाही असा तिचा समज झाला. मी इथेच जन्मले, भाजीबाजार सगळा तेलुगूतून करते. पण त्या वेळी मला कुठलीच भाषा येत नव्हती. डॉक्टर तरुण मुलगी होती, माझ्या मुलीपेक्षाही लहान असेल. तिने डोक्याला लावलेल्या दिव्यातून डोळ्यात पाहिलं. "वर बघा. खाली बघा. डावीकडे." बराच वेळ पाहिलं. मग दिवा काढून ठेवला.

"डोळ्याच्या आतला पडदा सुटत चाललाय, अम्मा," ती हिंदीत म्हणाली. "मधला भाग अजून जागेवर आहे. तो सुटला तर मग कठीण. ऑपरेशन लगेच करायला हवं. किती दिवस झाले?"

मी काही सांगण्याआधी माझा नवरा म्हणाला, "टीव्ही बिघडला होता. आम्हाला वाटलं, टीव्हीच आहे."

डॉक्टर त्याच्याकडे बघत राहिली.

"दुसरा डोळा?" तिने विचारलं. मी सांगितलं. ती गप्प झाली, आणि तिच्या त्या गप्प होण्याने मला जितकं भय वाटलं तितकं तिच्या शब्दांनी वाटलं नव्हतं.

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी झालं. झोपवत नाहीत, डोळ्याशेजारी सुई टोचतात, तोंडावर कापड टाकतात आणि कापडाच्या भोकातून फक्त तो डोळा उघडा राहतो. दुखलं नाही. पण दिसत होतं. कुणी मला आधी सांगितलं असतं की आतून दिसतं, तर मी तिथून पळून गेले असते. प्रकाशाच्या पाण्यात एक काळी काडी शिरली आणि हळूहळू हलू लागली. मग दुसरी. त्या माझ्या डोळ्यात होत्या, आणि मी त्याच डोळ्याने त्यांना बघत होते. मला ओरडायचं होतं. "हिलना नहीं अम्मा," कुणीतरी म्हणालं. मी पाढे म्हणायला सुरुवात केली. मुलांकडून वर्षानुवर्षं घोकून घेतलेले पाढे मला आठवेनात; सतराच्या पाढ्यात मी अडकले आणि तिथेच पुन्हापुन्हा सुरू करत राहिले. शेवटी काड्या गेल्या आणि सगळं पांढरं झालं, मग राखाडी.

डोळ्यात हवेसारखा गॅस भरला होता, सुटलेला पडदा दाबून धरायला. तो जागेवर राहावा म्हणून पालथं राहायचं. बसलं तरी मान खाली, झोपलं तरी पोटावर. जेवताना, नहाणीतही खालीच बघायचं. आणि दिसत काहीच नव्हतं. गॅस आहे तोवर दिसणारच नाही, हे त्यांनी मला सांगितलं होतं. पण सांगणं वेगळं आणि रोज सकाळी डोळा उघडून राखाडी धुकं बघणं वेगळं. हे धुकं गॅसचं आहे की कायमचं, हे कोण सांगणार? मी मुलीला पुन्हापुन्हा विचारायचे. ती पुन्हापुन्हा तेच सांगायची. ती आमच्याकडेच राहायला आली होती, आतल्या खोलीतून ऑफिसचं काम करायची. तिच्या मीटिंगचे आवाज यायचे, मधेच स्टेशनवरच्या गाड्यांच्या घोषणा यायच्या. मी दिवाणाच्या कडेला मान लोंबकळत ठेवून पडलेली असायचे. त्या दिवसांत माझ्या मनात काय काय आलं ते मी कुणाला सांगितलं नाही. डाव्या डोळ्याच्या त्या दुधात उरलेलं आयुष्य कसं काढायचं, हेच सगळं. चहा कसा करायचा. रस्ता. लोकांचे चेहरे.

माझ्या नवऱ्याला जमिनीवर बसायची सवय नाही, गुडघे दुखतात. पण तो दिवाणाजवळ फरशीवर येऊन बसायचा, म्हणजे माझ्या खाली केलेल्या तोंडासमोर. मला पेपर वाचून दाखवायचा. त्याचं शिक्षण तेलुगूतून झालेलं. घरात मराठी, पण वाचायला तो अडखळतो. जोडाक्षर आलं की थांबतो. मी खालमानेनेच त्याला सुधारायचे. एकदा असाच मधे थांबला. मला वाटलं, शब्द अडलाय.

"त्या संध्याकाळी तू विचारलंस ना," तो म्हणाला, "तुम्हालाही दिसतंय का म्हणून."

"हं."

"मला काही दिसत नव्हतं."

"माहीत होतं मला."

"कसं?"

"तुम्ही टीव्हीकडे पाहिलंच नव्हतं. माझ्याकडेच बघत होतात."

पेपर घडी केल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "मला डोळ्याचं वाटलंच नाही गं. मला आईची आठवण झाली."

माझ्या सासूबाईंना शेवटच्या वर्षांत कोपऱ्यात माणसं दिसायची. "ते बघ, बसलेत," म्हणायच्या आणि त्यांच्यासाठी चहा टाकायला सांगायच्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं, वाद घालू नका, हो म्हणा. माझ्या नवऱ्याने तेव्हा कितीतरी वेळा कोपऱ्यातल्या रिकाम्या जागेला नमस्कार केला होता.

"तू ओरडत होतीस, नसलेलं दिसतंय म्हणत होतीस," तो म्हणाला. "मला वाटलं, आता हिचंही तसंच सुरू झालं. म्हणून हो म्हणालो. एक दिवस आणखी वाया गेला."

मी हात पुढे केला. अंदाज चुकला आणि तो त्याच्या चष्म्यावर आपटला. त्याने माझा हात धरून ठेवला. त्याची बोटं थरथरत होती, आणि मला पहिल्यांदा जाणवलं की इतके दिवस या घरात मी एकटीच भ्यालेली नव्हते. मला दिलासा वाटायला हवा होता. पण उलट जास्तच भीती वाटली. तो भितो हे मला ठाऊकच नव्हतं.

नजर परत आली ती वरून खाली. गॅस कमी होत जातो तसं आधी वरचं दिसायला लागतं आणि खाली एक डुचमळणारी रेघ असते, भरलेल्या पेल्यातलं पाणी डोळ्याजवळ धरल्यासारखी. पालथं राहणं संपलं होतं. मी खुर्चीत ताठ बसले होते आणि समोर माझा नवरा होता. मला त्याचं कपाळ दिसलं. फक्त कपाळ आणि विस्कटलेले पांढरे केस. खाली सगळं पाणी. मी काही बोलले नाही, कारण बोललं तर जाईल असं वाटलं. काही दिवसांनी भुवया दिसल्या, मग डोळे. तोंड सगळ्यात शेवटी. त्याने कित्येक दिवस दाढी केली नव्हती हे मला तेव्हा कळलं.

डॉक्टर म्हणाली, पडदा चिकटलाय, नशीब चांगलं. मी बाहेर जाते, वाचते, भाजी निवडते. सरळ रेघा मधे जराशा वाकड्या दिसतात. दाराची चौकट, वहीच्या ओळी, विजेच्या तारा. ते तसंच राहील, असं ती म्हणाली. आणि हेही म्हणाली की पुन्हा सुटू शकतो. चमकलं, ठिपके वाढले, तर थांबायचं नाही, लगेच यायचं.

टीव्ही त्यानंतर काही महिने चांगला चालला. मेकॅनिकने केलेलं काम मुळात चांगलंच होतं. नवऱ्याने त्याला एकदा घरी बोलावून चहा पाजला आणि झालेलं सगळं सांगितलं. तो "या अल्ला" म्हणत राहिला. मग थंडीत एका दुपारी मी एकटी मालिका बघत असताना फट् असा आवाज झाला आणि समोरचं सगळं काळं झालं. मी खुर्चीत जिथल्या तिथे गोठले. मग कसाबसा हात वर नेऊन डावा डोळा झाकून पाहिलं. खिडकी दिसत होती. खिडकीतला पिंपळ दिसत होता, पानन् पान. मी नवऱ्याला हाक मारली आणि तो आतून धावत आला, पायात एकच चप्पल.

"टीव्ही बघा," मी म्हणाले. "तुम्हाला काय दिसतंय? या वेळी नीट बघून सांगा."

त्याने टीव्हीजवळ जाऊन पाहिलं, बटण दाबलं, मागे हात घालून पाहिलं. "काही नाही. गेला हा. मेला पूर्ण."

मी हसायला लागले आणि हसता हसता रडायला. त्याला काय करावं कळेना. दुरुस्तीचं नाव त्याने काढलं नाही. मुलीला फोन करून म्हणाला, तुला हवा तो मागव. चार दिवसांत नवा आला. मोठा, पातळ, त्याच्याशी बोललं की ऐकतो. मला त्याचं फारसं काही नाही. मी तो बघते तेव्हा समोरच्या भिंतीवर दिवा लावून ठेवते, काळोखात बघत नाही.

दर सकाळी उठायच्या आधी मी अंथरुणातूनच समोरच्या कॅलेंडरकडे बघते. एक डोळा झाकून, तारखांच्या चौकोनांवरून सावकाश नजर फिरवते. वरची ओळ, खालची ओळ, चारही कोपरे. चौकोन मधे वाकलेले असतात, पण सगळे असतात. या वेळी छातीत जे धडधडतं ते अजून कमी झालेलं नाही, आणि होईल असं मला वाटत नाही. परवा पुन्हा तपासणी आहे. स्वयंपाकघरात माझा नवरा उठलेला असतो. पातेल्यात पाणी घातल्याचा आवाज येतो, पण गॅस पेटवल्याचा येत नाही. तो काही विचारत नाही, नुसता घसा खाकरतो.

"आहे सगळं," मी इथूनच सांगते.

मग गॅस पेटतो.